चौथ्या शीलापाशी

चैत्रात आमच्या कॉलनीतल्या विहारासमोरचा कडुनिंब फुलतो आणि रविवारच्या सकाळी त्याची बारीक पांढरी फुले पायरीवर, काढून ठेवलेल्या चपलांवर, वंदनेला आलेल्या बायांच्या पांढऱ्या पदरांवर अलगद पडत राहतात. तो किंचित कडवट, मधाळ वास आला की मला आधी नानाचा आवाज आठवतो, मग बाकीचे जग. नाना माझा थोरला भाऊ. त्याचा आवाज खर्जातला, भरदार, आडात सोडलेला पोहरा पाण्याला टेकतो तसा खोल. समोर बसून तो पंचशील सांगायचा आणि त्याच्यामागून आम्ही सगळे एकेक शील म्हणायचो: हिंसेपासून दूर राहीन, न दिलेले घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटे बोलणार नाही. ही चार शीले तो स्वच्छ, ठाम उच्चारायचा. पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे. त्याच्याशी आला की तो आवाज खाली बसायचा; ओठ हलायचे, ध्वनी उमटायचा नाही, आणि मागच्या पन्नास माणसांना ते वाक्य आपापल्या आठवणीवर पूर्ण करावे लागायचे.

म्हाताऱ्या बाया तेवढ्यापुरत्या खाली बघायच्या, तरणी पोरे एकमेकांना कोपराने ढोसायची. मला मात्र लाजेने आणि रागाने कानशिले तापल्यासारखी व्हायची. एकदा घरी परतताना मी त्याला विचारलेच, चार म्हणतोस तर पाचवे का गिळतोस, लोकांना काही कळत नाही असे वाटते का तुला. तो मान खाली घालून चालत होता. तसाच म्हणाला, "जे पाळता येत नाय, ते मोठ्यानं कसं म्हणू, सुजाता?"

मला वाटले, काय सोयीचा प्रामाणिकपणा आहे! चोर तो चोर, वर शिरजोर. ते वाक्य मी तिथेच रस्त्यावर टाकून दिले आणि पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

नाना वाळूजच्या एका कारखान्यात टर्नर. बावीस वर्षे लेथसमोर उभे राहून त्याच्या तळहातांच्या रेषांत काळे तेल असे मुरले होते की कुणाच्या लग्नात हळद लावायची म्हटली तरी तो हात मागे घ्यायचा. पण त्याचे खरे इंद्रिय होते कान. मान डावीकडे कलती करायची, डोळे अर्धे मिटायचे आणि ऐकायचे, ही त्याची लकब. घरातला पंखा, शेजाऱ्याची मोटारसायकल, पाण्याची मोटर, सगळ्यांच्या तब्येती त्याला आवाजावरून कळायच्या. शॉपमध्ये सोळा यंत्रे एकदम चालू असताना त्यातले कुठले किंचित अडखळते आहे हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा, असे त्याच्याबरोबरचे लोक अजून सांगतात. माणसांच्या बाबतीतही त्याचा कान तेवढाच तिखट असावा. फक्त तो बोलून दाखवत नसे.

पहिल्या पाळीची बस त्याला चौकात साडेतीनला सोडायची. चौकापासून घर दहा मिनिटांचे, पण मध्ये दारूचे दुकान, आणि त्या दहा मिनिटांच्या वाटेला त्याला तीन तास लागायचे. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळ होते म्हणजे फक्त उन्हाचा रंग बदलतो. भिंती तापलेल्याच असतात. त्या पिवळट उजेडात वहिनी आणि मी स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून कामे करायचो आणि दोघींचे कान फाटकाच्या कडीकडे असायचे. कडी एकदाच वाजली तर बरे. दोन-तीनदा चुकून, खरवडून लागली, की वहिनी हातातले लाटणे खाली ठेवायची. ती अंगणवाडीत सेविका. जगाची लेकरे सांभाळून आलेली बाई मग एका पन्नाशीच्या माणसाचे बूट काढायला बसायची. मी वरच्या माझ्या खोलीत निघून जायचे. सासर सुटल्यापासून मी तिथेच राहते. ज्या भावाने एका शब्दाने न विचारता ती खोली मला रिकामी करून दिली, त्याच्यासाठी खाली थांबायला मला जमायचे नाही.

पुढे मात्र आम्ही त्याला बरा करायला निघालो, आणि इथूनच माझ्या वैतागाची खरी गोष्ट सुरू होते. कारण नाना एक आणि त्याला वाचवणारे चार. आधी नात्यातल्या लोकांनी त्याला गाडीत घालून कुठल्याशा केंद्रात नेऊन टाकले. तिथे महिनाभर कुलूप, डोक्याचा तुळतुळीत गोटा आणि पहाटे थंड पाणी. परत आला तो आणखी मुका होऊन, आणि आठ दिवसांत कडी पुन्हा खरवडू लागली. मग वहिनी तिच्या माहेरून, सोयगावकडच्या एका वैद्याकडून, कसलीशी पूड घेऊन आली आणि त्याला न सांगता वरणात कालवू लागली. मला कळले तेव्हा मी तिला तासभर फैलावर घेतले. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. शीशीवर नाव नसेल तर तिला हात लावायचा नाही, हे पोरांना शिकवत माझे केस पांढरे झाले. माणसाच्या ताटात त्याच्या नकळत काही घालणे म्हणजे काय, हे मी वहिनीला असे काही सुनावले की ती बिचारी पदराने डोळे पुसत पुडी मोरीत ओतून आली. तेव्हाचे माझे ते भाषण मला आज शब्दन् शब्द पाठ आहे. विसरता येत नाही, ही त्याची शिक्षा.

मी वहिनीला बरोबर घेऊन नानाला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाई शांत, थोडक्यात बोलणाऱ्या. त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि तिघांनाही समोर बसवून समजावले की ही पोटात असताना दारूचा घोट गेला तर अंगाची लाही होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, क्वचित जिवावरही बेतते. म्हणून ही रोग्याला सांगून, त्याच्या होकारानेच द्यायची, चोरून कधीच नाही. तेव्हा सगळ्यात जोरात मान मी हलवली होती. वहिनीकडे एक कटाक्षही टाकला होता, ऐक म्हणून.

नाना होय म्हणाला. दोन महिने त्याने रोज सकाळी माझ्यासमोर गोळी घेतली. याच काळात गफूरभाई त्याच्या आयुष्यात आले. ते रिक्षा चालवतात, नऊ वर्षांपूर्वी सुटलेले. उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी अशा माणसांची बैठक भरते. पोरांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे दुमडून ही मोठी माणसे बसतात आणि एकेक जण उठून आपले नाव आणि आपला कालचा दिवस सांगतो. बस, एवढेच. मी एकदा दारापर्यंत गेले होते. आत नाना उभा होता, मान डावीकडे कलती, आणि दुसऱ्याचे ऐकत होता, यंत्राचे ऐकावे तसा. मला हसू आले. बोलून का कुठे रोग जातो! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असे मी वहिनीला म्हटले. तीही हसली नाही असे नाही.

माघाच्या थंडीत एका सकाळी नानाने गोळीची पट्टी माझ्यापुढे सरकवली. आता हिच्याशिवाय राहून बघतो, पुढच्या खेपेला बाईंनाही सांगतो, असे म्हणाला. मी वाद घातला. तो ऐकत राहिला, मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "गोळीच्या भ्यानं राह्यलो तर ती गोळी राह्यली. मी कुठं राह्यलो?"

बोलणे बरोबर असेल, चूक असेल. मला फक्त ती खरवडलेली कडी ऐकू आली. पहाटे पाणी भरणे, झाडलोट वहिनीकडे, म्हणून सकाळचा चहा माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी आले कुटायचा खलबत्ता घेतला आणि गोळीची पूड केली. आले जास्त घातले, साखर जास्त घातली, आणि कप त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेऊन मान कलती केली, जणू चहाचाही आवाज येतो. मग म्हणाला, चांगला झालाय. पट्टी संपली की मी जुन्या चिठ्ठीवर दुसरी आणू लागले. वहिनीची पूड अडाणीपणाची होती आणि माझी शास्त्राची होती ना! आमच्या बापाने माझे नाव सुजाता ठेवले, उपाशी तपस्व्याला दिलेल्या त्या खिरीच्या आठवणीने, की या मुलीच्या हातचे कुणा भुकेल्याला मिळो. मिळाले, बापा. रोज सकाळी साडेपाचला मिळत होते.

आणि गंमत अशी, म्हणजे आता तिला गंमत म्हणवत नाही, की सगळे सुरळीत झाले. कडी एकदाच वाजू लागली. नानाचे डोळे निवळले. तो बैठकीहून येऊन वहिनीला पोळ्या भाजू लागायचा, परातीवर बोटांनी ताल धरायचा. तो म्हणायचा, जमतंय. गफूरभाई म्हणायचे, जमतंय. मी मनातल्या मनात म्हणायचे, तुमचे कसले जमतेय, माझा खलबत्ता जमवतो आहे. त्याच वर्षीच्या चैत्रात, त्या कडुनिंबाखाली, एका रविवारी नाना पाचव्या शीलाशी आला आणि थांबला नाही. तो खर्ज पहिल्यांदा तिथून आरपार गेला. मागच्या माणसांचे म्हणणे क्षणभर विसकटले, इतके ते अनपेक्षित होते. मग सगळ्यांनी असे म्हटले की विहाराचे पत्रे घुमले. वहिनी रडली. नाना उठला तेव्हा त्याच्या खांद्यावर फुले पडलेली होती आणि त्याने ती झटकली नाहीत. इतका उजळ मी त्याला कधीच पाहिला नव्हता. त्या क्षणीही मी स्वतःचीच पाठ थोपटत होते.

वैशाखात ऊन चढले आणि त्याची भूक मेली. अंग उतरले. वहिनीने पुन्हा माहेर गाठले आणि त्याच वैद्याकडून भूक लागायला आसवाची बाटली आणली. या वेळी लपवाछपवी नाही. तिने ती बाटली ताटाशेजारी ठेवली, मलाही दाखवली. ताई, बघा बरं चालंल का, असे तिने विचारले होते. मी वर्तमानपत्र वाचत होते. झाडपाल्याचे काय व्हायचे, असे म्हणून मी हात हलवला. मनुका-गूळ मडक्यात महिनाभर आंबवला की त्यात काय तयार होते हे मी दरवर्षी अकरावीच्या पोरांना काचेच्या नळीत दाखवते. शीशीवरचे नाव वाचायला शिकवणाऱ्या बाईने त्या दिवशी ते वाचले नाही.

रविवार दुपार होती. नानाने जेवणाआधी चार टोपणे आसव घेतले आणि ताटावर बसला. दुसऱ्या घासाला त्याचा चेहरा तांब्यासारखा लाल झाला, डोळ्यांत रक्त उतरले. छातीवर हात दाबून तो मोरीकडे धावला आणि तिथेच ओकत बसला. वहिनी आधी घाबरली, मग त्याचे डोळे पाहून भिंतीला टेकली. आम्ही दोघींनी इतकी वर्षे तो रंग पाहिलेला होता. मला तर खात्रीच होती, कारण त्याच्या पोटात गोळी आहे हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते. गोळीने चोर पकडला होता. मी त्याची पिशवी उपडी केली, गाडीची डिकी उघडली, पलंगाखाली पाहिले, आणि काहीच सापडत नाही म्हणून आणखी चिडले.

"मी नाय पिलो, सुजाता," तो दमत दमत म्हणाला. "आईची आन. थेंब नाय."

मी म्हणाले, तुझे तोंडच सांगते आहे. हे मी ओरडूनही म्हटले नाही, थंडपणे म्हटले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग पुन्हा काही बोलला नाही. त्याचे ते गप्प होणे मी तेव्हा कबुली समजले.

गफूरभाईंच्या रिक्षातून आम्ही दवाखान्यात गेलो. नेमक्या त्याच बाई त्या दिवशी होत्या. त्यांनी सलाइन लावले, नाडी धरली आणि नानाला विचारले, गोळी चालू आहे? अडीच महिने झाले सोडली, असे तो म्हणाला. मग बाई माझ्याकडे वळल्या. घरातून कुणी देतेय का? मी म्हणाले, नाही. इतके सहज निघाले ते माझ्या तोंडून. तेव्हा वहिनीने, तिच्याजवळ लपवण्यासारखे काही नव्हतेच, पिशवीतून ती बाटली काढून बाईंपुढे धरली. आज नवीन एवढेच दिले, म्हणाली. बाईंनी बाटलीवरचा कागद वाचला. आसवात मुळातच थोडे मद्य असते, त्या म्हणाल्या, पण नुसत्या तेवढ्याने असे होणार नाही. मग त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. पंखा फिरत होता, त्याची एक पाती कुठेतरी घासत होती, आणि पलंगावर डोळे मिटून पडलेल्या नानाची मान हळूहळू डावीकडे कलली. तो माझे ऐकत होता.

"चहातून," मी म्हणाले.

कुणी रागावले असते तर बरे झाले असते. वहिनी हातातल्या बाटलीचे टोपण घट्ट करत राहिली. तिला माझे ते तासभराचे भाषण आठवले असणार, पण ती तेवढीही खवचट नाही. नानाने डोळे न उघडता विचारले, "किती दिवस?"

सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, मी म्हणाले. आजपर्यंत.

त्याने छताकडे तोंड केले. मग माझ्याशी नाही, आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हंजे ते दिवस माझे नव्हतेच."

मी सांगायला हवे होते की नाना, ते तुझेच होते. तू दुकानापाशी न थांबता घरी येत होतास ते तुझ्या पायांनी, तुला कुठे ठाऊक होते कपात काय आहे. हा साधा युक्तिवाद मला चार दिवसांनी सुचला. तोवर त्याने वाळूजला, कामगारांच्या वस्तीत, एक खोली भाड्याने घेतली होती.

पहिल्या महिन्यात तो दोनदा घसरला. गफूरभाईंनी मला तोंडावर सांगितले, आडपडदा न ठेवता. मग उठला. बाईंकडे स्वतः गेला, गोळी मागून घेतली, वर्षभर आपल्या हाताने घेतली, आणि बैठकही सोडली नाही. गफूरभाई म्हणाले, "बेहन, दवा बुरी नहीं थी. छुपाके दिये, वो बुरा हुआ." बाई म्हणाल्या, गोळी, बैठक आणि वहिनींचे करणे, तिन्ही एका ताटात मावले असते. आता सगळ्यांचे एकमत आहे. मला त्या एकमताचा इतका संताप येतो! आमच्या घरात रोज ताटावर नानाच्या देखत भांडणारी ही सगळी शहाणपणे एकमेकांना आधी का भेटली नाहीत? आणि भेटवायचे तर कुणी, मीच ना? मीच त्यांना एकमेकांपासून लपवत होते.

या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. वहिनी त्याच्याकडे जाऊन-येऊन असते. तिच्या हातचे तो जेवतो. इकडे तो येतो रविवारी, वंदना आटोपली की, उंबऱ्यावर अर्धा तास बसतो. जवळ स्टीलची बाटली, पाणी तिच्यातलेच. मी चहा ठेवते. आत्ताच घेतला, तो म्हणतो. दर वेळी आत्ताच घेतलेला असतो. पंख्याची चौकशी करतो, माझ्या गुडघ्याची करतो, आवाजात कुठे धार नाही. कपावर साय धरते आणि तो उठतो. एकदा मी न राहवून म्हटले, एकदा शिव्या तरी दे मला. तो हसला, मान कलती केली, आणि फाटकाची कडी एकदाच वाजली.

या चैत्रापासून तो पुन्हा पंचशील सांगायला बसू लागला आहे. केस विरळ झाले, पण खर्ज तोच. पाचवे शील आता तो इतरांसारखेच म्हणतो, ना खाली, ना मुद्दाम वर. मी मागच्या ओळीत, खांबाशी बसते. तीन शीले म्हणते. चौथ्याशी माझे ओठ हलतात आणि ध्वनी येत नाही. लाजेपोटी असते तर एखादे दिवशी रडून मोकळी झाले असते. पण मला ठाऊक आहे, पुन्हा ती कडी खरवडली तर मी पुन्हा खलबत्ता काढीन. हे कबूल करताना माझाच मला राग येतो, तरी ते तसे आहे. मग खोटे बोलणार नाही, हे मी मोठ्याने कसे म्हणू? त्या रस्त्यावर टाकून दिलेले त्याचे वाक्य असे परत माझ्याकडे आले आहे.

सोळा यंत्रांतून एक अडखळलेले ओळखणारा कान त्याचा. चौथे शील आमचे म्हणून झाले की तो लगेच पाचव्याकडे जात नाही. एक श्वासभर थांबतो. बाकीच्यांना ती त्याची सांगायची पद्धत वाटते. कडुनिंबाची फुले तेवढ्यात दोन-चार पडून जातात. गेलेले दिवस मागे पडतात असे म्हणतात, पण माझे ते अडीच महिने दर रविवारी त्या एका श्वासाच्या जागेत येऊन बसतात. माझा भाऊ तिथे माझ्या आवाजाची वाट बघतो, आणि मी अजून गप्प आहे.